मोलकरीण, वखार, कमळाबाई: स्त्रियांनी स्त्रियांवर केलेले माहितीपट आणि जगातले पुरस्कार

स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या आणि स्त्रीच्याच आयुष्यावर बेतलेल्या माहितीपटाला मोठे आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळाल्याचे एक जुने उदाहरण ऑस्करच्या इतिहासात सापडते. 1955 सालच्या चित्रपटांतून सर्वोत्तम माहितीपट म्हणून ‘हेलन केलर इन हर स्टोरी’ निवडला गेला. दिग्दर्शिका होत्या नॅन्सी हॅमिल्टन. या विभागात ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण ही घटना बराच काळ अपवादच राहिली. कॅमेरा, संकलनाचे टेबल, निर्मितीचा पैसा आणि परीक्षकांच्या खुर्च्या जवळपास सगळीकडे पुरुषांकडे होत्या. त्यामुळे स्त्रियांना आधी स्वतःचे महोत्सव उभे करावे लागले. जून 1972 मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांच्या चित्रपटांचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. त्याच वर्षी त्याच शहरात ‘विमेन मेक मूव्हीज’ ही संस्था निघाली, आणि स्त्रियांचे चित्रपट जगभर वितरित करण्याचे काम तिने पुढे अर्धे शतक चालवले. फ्रान्समध्ये जॅकी ब्युए आणि एलिझाबेथ त्रेआर यांनी 1979 मध्ये सो या गावी महोत्सव सुरू केला. 1985 पासून तो पॅरिसजवळच्या क्रेतेय येथे भरू लागला. दिग्दर्शक स्त्री असली पाहिजे ही तिथली अट, आणि माहितीपटांना तिथे कथापटांच्या बरोबरीची जागा.

मराठी मुलखात असे माहितीपट चित्रपटसृष्टीच्या पोटातून जन्मले नाहीत. ते कामगार संघटना, स्त्री-संघटना आणि समाजकार्याच्या वर्गांतून आले. बक्षिसे बाहेरून आली, उशिरा आली, आणि सर्वांना सारखी आली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर माहितीपट म्हणजे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे काम, असेच समीकरण होते. 1948 मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवणे सक्तीचे असे. त्यांत स्त्री दिसायची ती आदर्श माता म्हणून, कुटुंबनियोजनाचा सल्ला ऐकणारी म्हणून, नाहीतर धरणाच्या बांधकामावर पाटी वाहणारी अनामिक मजूर म्हणून. तिचे बोलणे निवेदकाच्या भारदस्त आवाजाखाली दबून जाई. या काळातही पडद्यामागे काम करणाऱ्या मराठी स्त्रिया होत्या. अभिनेत्री दुर्गा खोटे यांनी स्वतःची संस्था काढून लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट यांचा व्यवसाय अनेक वर्षे सांभाळला. विजया मुळे यांनी शैक्षणिक चित्रपटांत आणि फिल्म सोसायटीच्या चळवळीत आयुष्य घातले. माहितीपट क्षेत्रातील योगदानासाठीचा व्ही. शांताराम जीवनगौरव त्यांना 2002 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात देण्यात आला. मात्र या दोघींच्या कामाचा विषय मुख्यतः स्त्री हा नव्हता.

तो विषय रस्त्यावरून आला. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. पुढच्या वर्षी वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर मोर्चे निघाले. 1983 मध्ये ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आले आणि स्त्री मुक्ती संघटनेने ते गावोगावी नेले. ज्या हवेत ते नाटक झाले त्याच हवेत मराठी बायकांवरचे पहिले महत्त्वाचे माहितीपटही झाले.

ते केले ‘युगांतर’ या गटाने. 1980 मध्ये बंगळूरमध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी हा गट उभा केला. भारतातला पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट म्हणून तो आज ओळखला जातो. 1981 ते 1983 या अल्पकाळात त्यांनी चार माहितीपट केले. त्यांपैकी पहिले दोन मराठीत आहेत.

पहिला ‘मोलकरीण’, 1981 सालचा. 1980 मध्ये पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्त संप केला होता. पगारवाढ हवी, भरपगारी सुट्टी हवी, या त्यांच्या मागण्या. एका घरातून दुसऱ्या घरात, एका सोसायटीतून शेजारच्या सोसायटीत ही बातमी बायकांच्याच तोंडून पसरली. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. ज्या कामाला कारखाना नाही, हजेरीपट नाही, मालक एक नसून पाच-सहा आहेत आणि तेही बहुधा मालकिणी आहेत, त्या कामात संघटना बांधणे किती अवघड, हे कामगार चळवळीतल्या मुरलेल्या माणसांनाही तोवर उमगले नव्हते. सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर केलेला हा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपट ती अडचणच विषय म्हणून घेतो. धुणी, भांडी, केर-लादी, आणि परत येऊन स्वतःच्या घरातले तेच काम. बायका स्वतः बोलतात. किती घरे, महिन्याला किती पैसे, एक खाडा झाला तर काय कापले जाते, सणाला काय मिळते. पुण्याच्या मध्यमवर्गाने आपल्या मोरीच्या पलीकडे कधी न ऐकलेले हे हिशेब पडद्यावर मोठ्याने मांडले गेले. चित्रपट दाखवण्याची जागाही ठरलेली होती. प्रोजेक्टर वस्तीत न्यायचा, पडदा बांधायचा, खेळ संपल्यावर बायकांशी चर्चा करायची. युगांतरच्या लेखी चर्चेशिवाय खेळ पुरा होत नसे.

दुसऱ्या माहितीपटासाठी हा गट निपाणीला गेला. बेळगाव जिल्ह्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे मराठीभाषक गाव तंबाखूवर जगत होते. आजूबाजूच्या खेड्यांत पीक निघे आणि गावातल्या वखारींत त्यावर प्रक्रिया होई. शेतकऱ्यांचे भावासाठीचे आंदोलन महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखून धरला, गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. वखारीच्या आतल्या बायकांची लढाई मात्र तितकी बाहेर आली नाही. तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची, पोती भरायची, हे सगळे बायकांचे काम. हवेत दिवसभर तंबाखूचा खकाणा. नाकातोंडावर लुगड्याचा पदर आवळून बांधला तरी घसा धरतो, डोळे चुरचुरतात, घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायलाही अंगाचा वास आडवा येतो. मजुरी कमी, कामाची शाश्वती नाही. मुकादमाची आणि मालकाची नजर हा वेगळा जाच. प्राध्यापक सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांना संघटित करायला सुरुवात केली आणि हा लढा बघता बघता असंघटित कामगारांच्या त्या काळातल्या मोठ्या लढ्यांपैकी एक झाला.

‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा 1982 सालचा माहितीपट या लढ्याच्या मध्यावर तयार झाला. चार महिने हा गट बायकांसोबत राहिला. आधी कॅमेरा बाजूला ठेवून ऐकले. कुठे काय दाखवायचे, वखारीत कुठून शिरायचे, कोणता प्रसंग पुन्हा करून दाखवायचा, हे बायकांनी सांगितले. पूर्वी बाहेरच्या कुणाच्या नजरेला न पडलेला वखारीचा अंतर्भाग त्यामुळे फिल्मवर आला. संपावर उतरलेल्या बायकांची ताकद पडद्यावर दिसते ती नुसत्या मोर्चाच्या दृश्यातून नाही. संध्याकाळी गोलाने बसून पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या, एकमेकींचे म्हणणे खोडणाऱ्या, पुन्हा मुद्द्यावर येणाऱ्या बायका हा या चित्रपटाचा खरा गाभा. छाया दातार यांनी याच निपाणीच्या बायकांवर इंग्रजीत अभ्यासग्रंथ लिहिला, तो 1989 मध्ये ‘वेजिंग चेंज’ या नावाने प्रसिद्ध झाला. ग्रंथ आणि माहितीपट शेजारी ठेवले तर सीमाभागातल्या कष्टकरी स्त्रीचे इतके जवळून झालेले चित्रण त्या दशकात दुसरे सापडणे कठीण आहे.

या दोन माहितीपटांना त्या वेळी झगमगीत पदके मिळाली नाहीत. त्याचे कारण त्यांच्या दर्जात शोधू नये. पंचवीस मिनिटांची लांबी, मराठी बोली, कृष्णधवल फिल्म आणि प्रेक्षक म्हणून वस्तीतल्या बायका डोळ्यांपुढे, अशा चित्रपटाला तेव्हाच्या बक्षिसांच्या चौकटीत जागाच नव्हती. आंतरराष्ट्रीय वर्तुळाने युगांतरची दखल दुसऱ्या वाटेने घेतली. चिपको आंदोलनातल्या एका कार्यकर्तीवरचा ‘सुदेशा’ (1983) हा त्यांचा चित्रपट जर्मनीतल्या निर्मितीसंस्थेने जगभरच्या स्त्री-दिग्दर्शकांकडून करवून घेतलेल्या एका मालिकेचा भाग होता. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-दशकाचा (1976 ते 1985) तो काळ होता, आणि तिसऱ्या जगातल्या स्त्रीविषयी बाहेर कुतूहल होते. पैसा त्या कुतूहलामागून येत होता.

पुण्यातच, पण वेगळ्या वाटेने, सुमित्रा भावे चित्रपटाकडे वळल्या. कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या आणि ‘स्त्री-वाणी’ या प्रकल्पात झोपडवस्तीतल्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या भावे यांना एक अडचण टोचत होती. ज्यांच्यावर अहवाल लिहिला त्यांना तो वाचता येत नव्हता. म्हणून त्यांनी 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. त्यात अभिनय आणि रचलेले प्रसंग आहेत, तेव्हा काटेकोर अर्थाने तो माहितीपट नव्हे. त्याचा पाया मात्र प्रत्यक्ष मुलाखतींचा आहे. कुटुंबकल्याण विषयावरील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नंतरच्या ‘पाणी’ लाही राष्ट्रीय सन्मान लाभला. सहदिग्दर्शक सुनील सुकथनकरांसोबतची पुढची सगळी कथापटांची वाटचाल याच अभ्यासातून निघाली. मराठी चित्रपटाला आपल्या एका उत्तम दिग्दर्शिकेचा लाभ समाजशास्त्राच्या अहवालामुळे झाला, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

मुंबईच्या स्त्रियांवरचा परदेशात थेट बक्षिसे मिळवणारा माहितीपट त्याच 1985 सालचा, मीरा नायर यांचा ‘इंडिया कॅबरे’. उपनगरातल्या एका कॅबरेत नाचणाऱ्या बायका, तिथे नेमाने येणारा एक गिऱ्हाईक आणि त्याची घरी बसलेली बायको, असा त्याचा पट आहे. दिग्दर्शिका नर्तिकांसोबत राहिली, त्यांच्या खोलीत, त्यांच्या थट्टामस्करीत कॅमेरा नेला. अमेरिकन फिल्म फेस्टिव्हलची ब्लू रिबन आणि न्यूयॉर्कच्या ग्लोबल व्हिलेज महोत्सवातले सर्वोत्तम माहितीपटाचे बक्षीस त्याला मिळाले. भारतात त्यावर वाद झाला. स्त्रीवादी कार्यकर्त्यांपैकी काहींना हे चित्रण बायकांचे शरीर पुन्हा विक्रीला मांडणारे वाटले. बक्षीस देणारा परीक्षक आणि घरचा प्रेक्षक यांना एकच चित्रपट दोन तऱ्हांनी दिसतो, हा अनुभव पुढे अनेकींना आला.

रीना मोहन यांचा ‘कमळाबाई’ (1992) हा वेगळ्याच जातीचा माहितीपट. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेल्या मोहन यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला स्वतंत्र चित्रपट, आणि पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवला. विषय होत्या कमळाबाई गोखले. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ साठी स्त्री मिळाली नाही, तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच 1913 सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांच्या आसपासची लेक कमळा मोहिनी झाली. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्री-कलावंत. चित्रपटात दिसतात त्या नव्वदीच्या घरातल्या, पुण्यात एकट्या राहणाऱ्या कमळाबाई. जुन्या नाटकांतली भाषणे त्यांना पाठ आहेत. बोलता बोलता त्या भूमिकेत शिरतात, आवाज बदलतो, खुर्चीतले अंग ताठ होते, आणि मग पुन्हा त्या रोजच्या कामाकडे वळतात. दिग्दर्शिका प्रश्न विचारते तेव्हा कमळाबाई हव्या तिथेच उत्तर देतात. विक्रम गोखल्यांची आजी किंवा चंद्रकांत गोखल्यांची आई एवढीच ओळख उरलेल्या बाईला तिचा स्वतःचा इतिहास परत मिळतो. इतिहासलेखनाच्या दृष्टीने या माहितीपटाचे मोल त्याच्या पुरस्काराहून कितीतरी मोठे आहे. मूकपटाच्या पहिल्या वर्षात काम केलेल्या स्त्रीची चालतीबोलती साक्ष यापुढे कुणाला मिळणार नव्हती.

नव्वदच्या दशकात परिस्थिती दोन कारणांनी पालटली. फिल्मची जागा व्हिडिओने घेतली आणि खर्च उतरला. शिवाय बक्षिसे घरापर्यंत आली. 1990 मध्ये मुंबईत माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या महोत्सवाचे सुवर्णशंख आणि रौप्यशंख भारतीय माहितीपटकारांना परिचयाचे झाले. रेडिओ आणि दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या स्त्रियांची आंतरराष्ट्रीय संघटना 1951 पासून चालू होती. तिच्या भारतीय शाखेने 2005 पासून दिल्लीत आशियाई स्त्रियांचा चित्रपट महोत्सव भरवला. तैपेई (1993) आणि सोल (1997) येथेही स्त्रियांचे महोत्सव उभे राहिले. स्त्रीच्या कामाला स्त्रियांच्या महोत्सवात वेगळे बक्षीस ठेवल्याने तिला बाजूच्या रांगेत बसवले जाते, अशी टीका तेव्हाही होत होती. पण मुख्य रांगेचे दार बंद असताना या महोत्सवांनीच अनेकींचे पहिले चित्रपट जगाला दाखवले, हे विसरून चालत नाही.

मुंबईत निष्ठा जैन यांनी 2007 मध्ये ‘लक्ष्मी अँड मी’ केला. इथे घरकाम करणारी तरुणी दिग्दर्शिकेच्याच घरात कामाला आहे. ‘मोलकरीण’ मध्ये कॅमेरा संघटनेच्या बाजूला उभा होता. इथे तो मालकिणीच्या हातात आहे, आणि मालकीण ते लपवत नाही. काम करणारी मुलगी आजारी पडते, प्रेमात पडते, जातीबाहेर लग्न करते. आपण तिच्याकडे इतकी वर्षे कसे पाहिले हा प्रश्न दिग्दर्शिका स्वतःला विचारते. आम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवातून हा चित्रपट जगभर फिरला. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. कायद्यामागे तीन दशकांची संघटना होती, त्याचे श्रेय चित्रपटांना देणे योग्य नाही. जैन यांच्या ‘गुलाबी गँग’ (2012) या बुंदेलखंडातल्या स्त्रियांवरच्या माहितीपटाला दुबईच्या महोत्सवात आणि राष्ट्रीय पुरस्कारांत सन्मान मिळाला.

मराठवाड्याचे नाव या यादीत आले ते निशा पाहुजा यांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ मुळे. कॅनडास्थित पाहुजा यांच्या या माहितीपटाला 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचे, तर टोरांटोच्या हॉट डॉक्समध्ये सर्वोत्तम कॅनेडियन माहितीपटाचे बक्षीस मिळाले. एका बाजूला मुंबईतले मिस इंडिया स्पर्धेचे शिबिर, दुसऱ्या बाजूला औरंगाबादला भरलेले दुर्गावाहिनी या हिंदुत्ववादी स्त्री-संघटनेचे प्रशिक्षण शिबिर. दोन्हीकडे मुलींना रांगेत उभे केले जाते, दोन्हीकडे शरीराला शिस्त लावली जाते. शिबिरातली एक तरुण प्रशिक्षिका बापाच्या हातचा मार सांगते, आणि तरी त्याच्याबद्दल कृतज्ञ असते, कारण त्याने तिला मुलगी म्हणून जन्मल्यावर जगू दिले. स्त्रीभ्रूणहत्येवरच्या सरकारी भित्तिपत्रकांनी जे साधले नाही ते या एका वाक्याने साधते. दोन टोकांची अशी मांडणी थोडी सोपी आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही औरंगाबादच्या शिबिरातल्या मुलींना हा माहितीपट हिणवत नाही, आणि त्याचे बळ तिथेच आहे.

पुण्याला सर्वांत मोठा मान 2021 मध्ये मिळाला. पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ ला कान महोत्सवात माहितीपटासाठीचे ‘लई द’ऑर’ हे सुवर्णनेत्र पारितोषिक मिळाले. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या एका मुलीने दूर गेलेल्या प्रियकराला लिहिलेली पत्रे, त्यांच्यामधली जातीची भिंत आणि 2015 चा विद्यार्थ्यांचा संप अशा धाग्यांनी तो विणला आहे. पत्रे कल्पित आहेत, दृश्ये बरीचशी खरी. चार दशकांपूर्वी ‘मोलकरीण’ मध्ये पुण्याच्या संपाची गोष्ट बायकांच्या तोंडून सांगितली गेली होती. पुण्याच्याच दुसऱ्या संपाची ही गोष्टही एका मुलीच्या आवाजात ऐकू येते.

या दरम्यान युगांतरच्या फिल्म जीर्ण होत चालल्या होत्या. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपटसंस्थेने त्यांचे अंकीय पुनरुज्जीवन केले, इंग्रजी उपशीर्षके जोडली आणि नव्या पिढीपुढे त्या आल्या. युरोपातल्या महोत्सवांत आणि विद्यापीठांत निपाणीच्या बायकांचा संप पुन्हा दाखवला जाऊ लागला. ऑगस्ट 2023 मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवाने दीपा धनराज यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. ‘मोलकरीण’ पूर्ण झाल्याला तेव्हा 42 वर्षे झाली होती.